वापरकर्त्यांची यादी

वाडीच्या नाक्यापुढे, उभ्या ट्रकांच्या मागे
आमचं ऑफिस. आत एक खोली सर्व्हरची,
सबंध इमारतीत तेवढाच एसी.
मे महिन्यात सगळ्यांचेच फोन बिघडतात.
"टोन येत नाई मॅडम," म्हणत नंदेश्वर येतात,
रॅकशेजारी दहा मिनिटं उभे राहतात,
शर्टाची पाठ वाळली की म्हणतात,
"आता झाला असंल."
मी म्हणते, झाला.

यंदा शेठच्या मुलानं बिल पाहिलं.
एका नावामागे वर्षाला इतके!
नावं कमी करा.
म्हणून बसले यादी उघडून:
एकशे अठरा वापरकर्ते, शहाण्णव उपकरणं.
हिरवा ठिपका म्हणजे जोडलेलं, करडा म्हणजे नाही.
माणसांचं त्यातून काही कळत नाही.

१३२, उईके. बदली कळमन्याला,
फोन मात्र बोलतोय बुटीबोरीहून,
कोणीतरी टेबलासकट उचलून नेलेला.
१४०, ज्याचा पासवर्ड अजूनही १४०.
१५७ दोन खोल्यांत एकदम वाजतो
आणि दोन्हीकडे कोणी उचलत नाही.
१६१ चं नाव 'टेस्ट'.
टेस्टसाहेबांना तेरा निरोप आलेत,
तेराव्यात एक पोर दम खात सांगतं,
"बाबा, येतानी संत्राबर्फी आणजा."
कोणाचं पोर, ते यादीत नाही.

मग १०१. कुंदा पराते.
जुन्या बोर्डावरच्या ऑपरेटर.
बोर्ड भंगारात गेला, त्यांना नवा फोन दिला,
तर त्यांनी त्याच्यावर घरचा सुती रुमाल घातला.
आवाजावरून ड्रायव्हर ओळखायच्या,
खोकल्यावरून गाव.
मार्चअखेर निवृत्त. ठिपका करडा.
पुसायला सगळ्यात सोपं नाव.

'काढून टाका'वर बोट नेलं
आणि खाली एक बारीक ओळ दिसली:
रात्री नऊ ते सकाळी सात, सर्व कॉल वळवा.
पुढे गोळीबार चौकातल्या घराचा नंबर.
वळवले कोणी? माझंच नाव.
तारीख तीन वर्षांपूर्वीची.
चाचणी म्हणून लावलं होतं एका संध्याकाळी,
"बाई, वाजला का?" "वाजला."
आणि मी बस धरायला पळाले होते.

नोंदी उघडल्या.
०२:१४, चार मिनिटं.
०३:४०, अकरा.
कोणी देवरीला अडवलेला,
कोणाचं टायर पांढुर्ण्याच्या घाटाआधी गेलेलं.
डिसेंबरातला एक कॉल बावन्न मिनिटांचा.
काय बोलले असतील बावन्न मिनिटं?
नोंद फक्त वेळेची असते.
शेवटची ओळ परवाची.

फोन लावला.
"बाई, सांगितलं काहून नाही कधी?"
"मले वाटलं कामच हाय ते.
नव्या फोनासंगं आलं असंल."
पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज.
"उन्हाळ्यात तेवढं जड जाये जी.
कूलरच्या आवाजात घंटी ऐकू येत नव्हती,
मंग मी बंदच ठेवत होती."

माझ्या खोलीत एसी अठरावर होता.

आधी नंबर बदलला. गोळीबार चौक खोडून माझा घातला.
खात्री आहे का, यंत्र विचारतं.
दरवेळी विचारतं, सगळ्यांनाच.
मग नावाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला,
ती चौकट तशीच सोडून दिली.
शेठच्या मुलाला कळवलं, 'टेस्ट' काढला.
तेरावा निरोप आधी उतरवून घेतला होता,
बाप सापडला तर द्यावा म्हणून.

घरी आले, सवयीनं कूलरमध्ये पाणी भरलं,
भरून झाल्यावर आठवलं,
बटण बंद केलं.
चादर पाठीला चिकटत होती,
खिडकीतून वारा येत होता तोही तव्यावरून आलेला.
सव्वादोनला वाजला.
मी हॅलो म्हणाले, कंपनीचं नाव सांगितलं.
मागे इंजिन चालू. माणूस जरा वेळ गप्प.
मग म्हणाला,
"बाई नाई का?"