उघाडी

डी मॉइनला समुद्र नाही.
कुठल्याही दिशेला गाडी काढा,
दिवस सरतो, मका सरत नाही.
म्हणून दर रविवारी तळघरात
मी चाळीस लिटर समुद्र कालवतो,
निळ्या पिंपात, जुन्या वल्ह्यासारख्या फळकुटाने.

नळाचं पाणी चालत नाही.
शेतातलं खत ओढ्यात, ओढ्यातलं नदीत,
नदीतलं माझ्या किटलीत.
चहाला ते कळत नाही, प्रवाळाला कळतं.
चार गाळण्यांतून थेंब थेंब उतरवतो, रात्रभर.
यामिनी म्हणते, तुझ्या माशांना आपल्यापेक्षा स्वच्छ प्यायला मिळतं.

मग मीठ. मग हीटर. मग वाट बघणं.
नळीसारखं काचेचं यंत्र खिडकीकडे धरतो,
निळ्या-पांढऱ्याची रेघ पस्तिसावर यावी लागते.

आबांकडे असलं काही नव्हतं.
उरणच्या मिठागरात ते वाफ्यात करंगळी बुडवून
जिभेला लावायचे, थुंकायचे,
आणि म्हणायचे, “अजून दोन उन्हं.”
बस. दोन उन्हांनी मीठ धरायचं.
कुणी बघत नसलं की मीही करंगळी लावतो.
मला नुसतंच खारट लागतं.

टाकी कैवल्यची. चौदाव्या वर्षी हट्टाने मांडलेली.
तो सिएटलला गेला, टाकी राहिली,
आणि तिच्याबरोबर त्याची वही:
तारीख, कॅल्शियम, नायट्रेट, फॉस्फेट,
एका समासात बापाचं चित्र, जरा जास्तच ढेरी.
त्या वहीत आता माझं अक्षर आहे.

या हिवाळ्यात मी फार मन लावलं.
खाणं निम्मं केलं, मोजे रोज धुतले,
फेस काढणारं यंत्र रात्रंदिवस गुरगुरत ठेवलं,
फॉस्फेट शोषणारे तपकिरी दाणे दुप्पट ओतले.
फेब्रुवारीत नायट्रेट शून्य. फॉस्फेट शून्य.
वहीत मी दोन्ही शून्यांना लाल गोल केला,
मास्तर करतात तसा.

आठवड्याने हिरवं टॉर्च कोरल आक्रसलं.
मग जांभळं फिकटलं,
टोकांपासून, जुन्या साडीचा काठ उडावा तसं.
पाणी इतकं नितळ की टाकी रिकामी वाटावी.

अँकेनीच्या दुकानात ऑर्व्हिलने वही उलटसुलट पाहिली.
बोटं खारवलेली, नखांत वाळू.
“पाणी छान आहे,” म्हणाला,
“पण यात जगायचं कशावर?”

बर्फातून चाळीस मिनिटं परतताना
मला आमचे बुधवारचे फोन आठवत राहिले.
थंडी आहे का. हो, तुमच्याकडे?
नोकरी बरी. तब्येत बरी. आई बरी.
चार गाळण्यांतून उतरलेलं एकेक वाक्य.
शून्य, शून्य, लाल गोल.

दाणे काढून टाकले. माशांना मूठभर जास्त घातलं.
त्या बुधवारी थंडीचं विचारून झाल्यावर
मी म्हणालो, तू शिक्षण सोडलंस
त्याचा मला राग आला होता. अजून आहे.
पलीकडे फक्त त्याच्या फ्रिजचा आवाज.
मग तो म्हणाला, “विचारलं नाहीत कधी, का सोडलं ते.”
आणि सांगायला लागला.
सगळं ऐकायला सोपं नव्हतं.
मध्ये एकदा त्याने फोन ठेवला,
मध्ये एकदा मी.

भरतीला आबा कंदील घेऊन उघाडी उघडायला जात.
मी मागे मागे, चिखलात.
फळी वर ओढली की आत यायचं ते सगळंच:
गाळ, शेवाळ, बोईटं, कुणाची तरी एक चप्पल.
चप्पल ते बांधावर ठेवत. कुणी शोधत आलं तर.

काल नायट्रेट पाच.
काचेवर तपकिरी साय धरलीय,
पुढची पुसतो, मागची राहू देतो.
जांभळ्याचं अजून सांगता येत नाही.
टॉर्चने दोन बोटं बाहेर काढलीत.
अल्कलिनिटी खालीच आहे,
ती रोज अर्ध्या अंशाने चढवायची, ऑर्व्हिलने बजावलंय,
घाई केलीस तर उरलंय तेही जाळशील.

चमचा पुसून ठेवतो.
आज सोमवार.