चार स्क्रू

लोक माझ्याकडे डबे घेऊन येतात.
बिस्किटांचे, रंगाचे, एकदा तर बाळाच्या दूधपावडरीचा.
आत चिखलाने लिंपलेलं काहीतरी,
आणि तोंडात एकच प्रश्न : हे विमानाचंच ना?

बहुतेक वेळा नसतं.
धारा काढायच्या यंत्राचा दाबमापक असतो,
समुद्र उपसणाऱ्या जुन्या पंपाची झडप.
घड्याळं दुरुस्त करण्यात माझी चाळीस वर्षं गेली,
नाही म्हणणं अजून नीट जमत नाही.

हिल्केच्या हातात डबा नव्हता.
न्हालेलं बाळ आणावं तसं टॉवेलात गुंडाळून
त्याने ते टेबलावर ठेवलं.
"आमचा बॅरोमीटर," म्हणाला.
"कोठार पाडतोय. योखमबाबांनी टांगला होता, सत्तेचाळीस साली.
पोल्डरच्या चिखलात सापडला म्हणायचे."

काळी तबकडी. तीन काटे, एकावर एक.
मागे झिजलेला मुकुट, त्याखाली सहा आणि ए,
पुढचे आकडे कुणाच्या तरी अंगठ्याने खाल्लेले.
इंग्रजांचा. उंचीमापक.
तो हसला :
"उंची? आमचं शेत समुद्राच्या चार मीटर खाली आहे."

पण चूक नव्हती त्यांची.
वादळाआधी हवा हलकी होते,
आणि भाबड्या यंत्राला वाटतं, आपण उडालो.
किती रात्री ते कोठार
गवताच्या भाऱ्यांसकट, झोपलेल्या गाईंसकट
आठशे फूट वर चढलं असेल,
आणि योखम खाली उभा राहून म्हणाला असेल :
उद्या बटाटे काढायला नकोत.

मी खोलीतला दिवा मालवला, जांभळा लावला.
विमान आदळतं तेव्हा
काटा तबकडीला थप्पड मारतो,
रंगाचा एवढासा डाग राहतो मागे.
साध्या उजेडात तो गप्प असतो,
जांभळ्यात कबूल होतो.
मी तीनदा पाहिलं.
डाग नाही.

मग कोपरे. चार भोकं, गोल, कुठेही न फाटलेली.
तीन स्क्रूंच्या खाचा धारदार.
चौथीची कड खरवडलेली,
थंडीने बोटं आखडलेल्या माणसाचा
खिशातला चाकू एकदा निसटावा, तशी.

म्हणजे ते विमान आदळलं नव्हतं.
लव्हाळ्यात पोटावर बसलं होतं.
म्हणजे आतली माणसं...
मी थांबले.
उंचीमापकाला माणसं मोजता येत नाहीत.

हिल्के बराच वेळ त्या चौथ्या स्क्रूकडे बघत राहिला.
"बाबा तेव्हा तिथे लपून होते," म्हणाला,
"जर्मनीत कामाला नेऊ नये म्हणून. बरेच जण होते."
मग, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल :
"त्यांचं एक चामड्याचं जाकीट होतं.
बाह्या इतक्या लांब की बोटं दिसायची नाहीत.
आईने ते उसवून आम्हा पोरांना दप्तरं शिवली.
कुणी दिलं, असं विचारलं की
बाबा उठून कोठारात जायचे."

तबकडीच्या बारीक खिडकीत एक आकडा आहे : एक हजार नऊ.
त्या दिवसाच्या हवेचा दाब,
उड्डाणाआधी वैमानिकाने खुंटी फिरवून बसवलेला.
"त्या खुंटीला कुणी हात लावायचा नाही,
एवढा एकच नियम होता घरात."

मी म्हटलं, हवामानाच्या जुन्या वह्या आहेत.
आकडा जुळवला तर एकदोनच रात्री उरतील.
मग तुकडी, मग नावं,
परत न गेलेल्यांची. गेलेल्यांचीही.
त्याने टॉवेलाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.
"चिठ्ठीवर काय लिहाल?"

मी लिहिलं : उंचीमापक, ब्रिटिश. चालू स्थितीत.
लव्हाळ्यात सापडला.
मग "सापडला" खोडून "काढून घेतला" लिहिलं,
तेही खोडलं.
शेवटी एवढंच : हाताने सोडवलेला.

बाहेर पश्चिमेकडून ढग येत होते.
टेबलावरचा लांब काटा
तीस फूट वर सरकला.
दोघांनीही पाहिलं.
हिल्के म्हणाला, "निघतो. कपडे वाळत घातलेत."