ठिव डबा

मानोऱ्यात शालिक ढोकेच्या चक्कीवर
कोणी ताटकळत नाही.
"ठिव डबा, जाय. सांजच्याले ने."
झाकणावर खडूनं नाव लिहितो.

वरच्या खोलीत मी तेच शिकवलं
सोसायटीच्या सर्व्हरला:
बटण दाबणाऱ्याला उभं ठेवू नको,
"मिळालं" म्हण, सोड,
दळण मागं चालू दे.

दुपारी लाइन गेली.
आली तेव्हा सर्व्हर कोऱ्या चेहऱ्यानं उठला.
एकोणीस जणांना हो म्हटलेलं,
एकही नाव आठवेना.

खाली पट्टा फिरू लागला.
शालिक झाकणं वाचत गेला.
एकावरचा खडू पुसलेला;
त्यानं मूठभर जवारी हुंगली,
म्हणाला, "पंचफुलाबाईची. लिंबाचा पाला टाकते थे."

मी जिन्यात उभा,
हातात काहीच नाही हुंगायला.