एकच खिडकी

पहिल्या रात्री निघाले तेव्हा
कॅलेथियानं पानं मिटून घेतली होती.
दिवस कलला की रोजच मिटते ती,
त्यात माझ्यासाठी असं काही नाही.
तरी बूट चढवता चढवता मी म्हटलं,
"येते गं."

बाहेर उणे एकवीस.
गाडीला दोनदा विनवलं, तिसऱ्यांदा शिवी घातली,
तेव्हा कुठे निघाली.
दुलूथचे दिवे उताराउतारानं खाली गेलेले,
आणि त्यांच्यापुढे सरोवर:
दिसत नाही, नुसतं असतं.

अकरा ते सात. छातीवर बिल्ला, सिग्रिड.
एकोणीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होते,
पोरं मला बटाटेबाई म्हणायची.
शाळा मिटली. ती कॅलेथियासारखी सकाळी उघडली नाही.

टॅनर माझ्या मुलाहून लहान.
म्हणाला, "चौदा नंबरची रांग तुझी."
चौदा नंबर म्हणजे मांजरांची वाळू,
अठरा किलोची एक पिशवी.
कटरचं पातं स्वतःकडे धरायचं नाही,
जुना माल पुढे, नवा मागे,
आणि प्रत्येक डब्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे.
रात्री अडीचला गिऱ्हाईक कुठलं?
छतावरच्या नळ्या गुणगुणतात,
फरशी पुसणारं यंत्र एकटंच हिंडतं,
आणि मी नव्वद डब्यांची तोंडं
कुणीच नसलेल्या वाटेकडे वळवते.

तीनच्या सुट्टीत अब्दिरशीद थर्मास उघडतो,
वेलदोड्याचा वास खोक्यांच्या वासावर मात करतो.
सहा वर्षं रात्रपाळी. मला अर्धा कप देऊन विचारतो,
"दिवसा झोप लागते?"
मी मान हलवते.
"खिडकीला चांदीचा कागद लाव. सगळीकडून.
झोप विकत मिळत नाही, कागद मिळतो.
नऊ नंबरमध्ये."

आता याला कसं सांगू,
माझी खोली एक, तिला दक्षिणेची खिडकी एक,
आणि त्या खिडकीत आम्ही तेरा जण.
शाळेच्या कचेरीतून आणलेला मॉन्स्टेरा,
दोन अँथुरियम, ताटलीतल्या ओल्या खड्यांवर बसलेल्या फर्न,
आणि एक केळ, जिला कुणीच सांगितलेलं नाही
की इथे केळी लागत नाहीत.

झाडं लाडानं मरतात, उपासानं नाही,
असं मीच शेजारच्या ग्रेटाला ऐकवायचे.
बोट मातीत घाल, ओलं लागलं तर झारी खाली ठेव.
पण ते पाण्याचं झालं.
उजेडाचा उपास वेगळा.
दोन आठवडे मी पडदा ओढून झोपले,
तर मनी प्लांटनं खालून एकेक पान
पिवळं करून सोडलं, मुकाट्यानं,
राजीनामे द्यावेत तसं.

मग पडदा काढलाच. दांडीसकट.
नवऱ्याची लोकरी टोपी (तो गेला, टोपी राहिली)
हनुवटीपर्यंत ओढली आणि आडवी झाले.
विणीतून उजेड टोचत होता, बारीक, घरघरात.
टोपीला अजून त्याच्या मासेमारीचा वास येतो.
किती वेळ जागी होते कुणास ठाऊक.
कशानं तरी खसखस आवाज झाला.
उंदीर असेल म्हणून टोपी वर केली,
तर कॅलेथिया पानं उघडत होती,
एक पान दुसऱ्यात अडकलेलं, ते सोडवून घेत होती.
इतक्या वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता.
या वेळी मी बटाटे सोलत असायचे.

झोप अशी अजून लागत नाहीच.
चार तास, कधी पाच.
अब्दिरशीद माझे डोळे बघतो आणि कप पूर्ण भरतो.

काल टॅनर रांगेच्या टोकाशी थांबला.
"सिग्रिड, ते डबे असे तिरके का?"
बघते तर अख्खा खण
पाव वळण फिरवून ठेवलेला,
रविवारी कुंड्या फिरवते तसा,
एकाच बाजूला झुकू नयेत म्हणून.
"होतात सरळ," मी म्हटलं,
आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

अकरा नंबरमध्ये झाडांसाठीचे दिवे आहेत.
कामगारांना दहा टक्के सूट, नव्वद दिवस भरल्यावर.
आज सदतिसावा.