बावीसशे फेऱ्यांवर

अठराशेपर्यंत सगळं गुमान.
बावीसशेला दात वाजतात,
होकायंत्राचा काटा
उत्तर सोडून सगळीकडे बघतो.

सावद्यात, केळीच्या रिकाम्या शेडमध्ये
तिसरा रविवार.
इंजिनाखालची रबरं बदलली.
जमिनीत पऱ्हाटीची काडी रोवून
पंख्याची दोन्ही पाती तिच्यापुढून फिरवली:
फरक नखाएवढाही नाही.
सहा बोल्ट जळगावला सराफाच्या काट्यावर तोलले;
"मोड द्यायची का?" तो सवयीनं म्हणाला.

गुलाब पिंजारी, टर्नर, डाव्या कानानं बहिरा.
चालत्या इंजिनाला पान्याचं एक टोक,
दुसरं उजव्या कानाला.
बराच वेळ.
"बोंडेभाऊ, इंजिनाचं काही नाही.
पुढचं टोपडं काढा."

टोपड्याच्या पोटात
कुंभारमाशीचं घर. तीन खोल्या,
एकीत अळी, जिवंत.
इतके दिवस आमच्याबरोबर गरगरली.
खरवडून खिडकीत ठेवली माती.
"आपल्याआधी हीच उडणार," गुलाब म्हणाला.

पुन्हा बावीसशे.
सीटवरच्या पेल्यात पाणी थरथरलं, थोडंसं,
पण वरचा पंख त्यात सरळ दिसला.

चोवीसशेला मात्र
शेपटीकडे काहीतरी कुजबुजतं.
गुलाबनं उजवा कान तिकडे वळवला.