पोत

शुक्रवारी सकाळी विजापूर वेशीत मैनुद्दीनकडून
बोकडाच्या सहा नळ्या घेते मी, अख्ख्या, न फोडलेल्या.
पहिल्यांदा तो हसला होता,
"नळी फोडल्याशिवाय रस्सा कसला, मॅडम?"
आता विचारत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून देतो,
वर मूठभर कलेजी, लॅबच्या मांजरीला.

एप्रिलात विद्यापीठाचा पत्रा त्रेचाळीसला तापतो.
हाड मिठाच्या पाण्यात ठेवावं लागतं,
वाळलं की खोटं बोलतं.
मग दोन टेकूंवर आडवं, वरून मधोमध दाब.
लायप्पा बटण दाबतो आणि दरवेळी
स्वतःचेच दात आवळून धरतो.

पडद्यावर रेघ चढते, सरळ,
मग जरा कलते.
इथपर्यंत सोडलं असतं तर परत आलं असतं हाड
होतं तसं.
सोळाशे चाळीस न्यूटन.
कट्.
मांजर उठून दाराशी जाते.

परवा नायनाला स्कॅनखाली बसवलं.
एकतीस वर्षं साखर पेठेत हातमाग,
उजव्या हाताने दोरी ओढायची, डाव्याने फणी ठोकायची.
माग विकून नऊ वर्षं झाली.
उजव्या दंडाची भिंत अजून डाव्यापेक्षा जाड,
दीड मिलिमीटरने.
पण आतून पोकळी वाढत चाललेली.
भार येईल तिथे हाड भर घालतं,
काम थांबलं की आतले कामगार कमी करतं.
बंद गिरणी बघा: दर्शनी भिंत उभी,
आत यंत्रं केव्हाच भंगारात गेलेली.

हे त्याला सांगितलं नाही. जाडी तेवढी सांगितली.
तो बोटं मोडत हिशेबाला लागला.
मिनिटाला इतके धोटे, दिवसाला वीस हजार,
अमावस्येची सुट्टी वजा,
आईच्या बाळंतपणांचे दिवस वजा,
संपाचे सव्वा दोन महिने वजा.
शून्यं वाढली तसा मध्येच थांबला,
"तुझ्या मशीनला येईल का हे?"
नाही म्हटलं. मशीनला एकदाच दाबता येतं, मोडेपर्यंत.

मग पडद्यावरचं चित्र त्याने
कापड बघतात तसं बघितलं, मान तिरकी करून.
अंगठा आणि तर्जनीत दंडाची कातडी धरली, चोळली.
"पोत बरा आहे," म्हणाला,
"किनार विरलीय."

लायप्पाने वही उघडून विचारलं,
मॅडम, हे कुठल्या रकान्यात लिहू?