रकाना सातवा

मे महिना. निझवात दुपारी स्टिअरिंगला हात लावला
तर चटका बसतो.
याच महिन्यात फॉर्म येतो.
रकाना सातवा : वर्षभरात प्रकाशित शोधनिबंध.
मी तिथे शून्य काढते, गोल, सुबक,
शाळेत हस्ताक्षराची बक्षिसं मिळवलेली आहेत.

डॉ. सैफ विभागप्रमुख, माणूस वाईट नाही.
खजूर पुढे करतात, कहवा ओततात,
मग विचारतात, अडतं कुठे?

काय सांगू?
आठवड्याला बावीस तास, एकशे चौदा वह्या,
आणि दोन वर्षांचा करार,
ज्याच्या शेवटच्या सहा महिन्यांत
माणूस संशोधन करत नाही, खोके मोजतो.
नियतकालिकाला सहाशे डॉलर हवेत,
शिवाय 'भाषा मूळ इंग्रजी भाषकाकडून तपासून घ्यावी',
हे मला. मी तीच तर शिकवते.

शेजारच्या केबिनमधला मुनीर, ट्युनिसचा,
वर्षाला चार छापतो.
कसं जमतं, विचारलं तर म्हणाला,
माझ्या घरी स्वयंपाक दुसरं कुणीतरी करतं.
प्रामाणिक माणूस.
हा निष्कर्ष मात्र त्याने कुठे छापलेला नाही.

विषय नाही, असं नाही.
आठ वर्षं तो पर्समध्ये आहे, हिंगाच्या डबीसारखा,
उघडत नाही, वास येत राहतो.
माझ्या मुली 'इज' गाळतात.
माय फादर ड्रायव्हर. द सी फार. आय हॅपी, टीचर.
अरबीत तिथे क्रियापद लागतच नाही,
बाप ड्रायव्हर म्हटलं की झाला ड्रायव्हर.
पण घाबरल्या की घालतात, रमल्या की गाळतात,
हे मला दिसलंय.
सिद्ध करायला एक दुपार हवी, सलग,
जिला कुणी हात लावणार नाही.

काल जुवैनाची वही. माझे आजोबा.
आजोबा फलजचं पाणी वाटायचे.
घड्याळ नव्हतं. जमिनीत काठी, काठीची सावली,
रात्री तारे.
प्रत्येक बागेचा आपापला अथर, अर्ध्या तासाचा,
तो संपला की बांध घालायचा, पुढच्याचा फोडायचा.
ज्याचा अथर नाही, त्याच्या झाडांजवळून
पाणी नुसतं वाहत जातं.
आणि शेवटी एक ओळ :
फॉर विडो, शॅडो स्लो.

लाल पेन टेकवलं, 'इज'ला जागा केली
आणि तशीच बसून राहिले.

रात्री साडेअकरा. उद्याची भाजी चिरून,
मुलाची वॉटरबॅग भरून,
एसीच्या घरघरीत कोरी वही काढली. तारीख घातली.
जुवैनाचं वाक्य उतरवलं,
त्याखाली आठ वर्षांतली, आठवतील तेवढी.
एकोणीस झाली.
तेवढ्यात पोर उठलं, पाणी मागायला लागलं.
माझा अथर संपला.

सकाळी फॉर्म.
शून्याकडे वळलेला हात आवरला
आणि घाईत लिहिलं : वर्क गोइंग ऑन.
डॉ. सैफनी चष्मा लावला, दोनदा वाचलं,
पेन्सिलीने मध्ये एक बारीक बाण काढला.
मॅडम, 'इज' राहिलंय, म्हणाले,
आणि कहवा ओतायला वळले.

मी पर्समधून वही काढली.
वीस.